महीच्या पलीकडचं लग्न

चोवीस साली जिनिव्हात मंजूर झालेल्या मुलांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचं मराठी भाषांतर आमच्या शाळेसाठी मी केलं होतं. आता कुणी व्यासपीठावर उभं राहून मुलांच्या कल्याणाबद्दल बोलू लागलं की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं, आणि जमलं तर मी उठून बाहेर जाते. त्याला कारण आहे आमच्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न.

मी तेव्हा बडोद्यात, रावपुऱ्यातल्या मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. माझे वडील सरकारी फौजेत शिलेदार. आमच्या घराण्यातल्या बायका उंबऱ्याबाहेर पडत नसत, पण वडील लवकर गेले आणि महाराजांच्या राज्यात शिकणाऱ्या बाईला विद्यावेतन मिळत होतं, म्हणून आईने मला शिकू दिलं. इंग्रजी लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं. ते कचेरीत कारकून होते आणि आम्ही नागरवाड्यात दोन खोल्यांत राहायचो.

नवऱ्याच्या कचेरीचे साहेब त्या वर्षी दरबारच्या मंडळींबरोबर युरोपला जाऊन आले. येताना त्यांनी हा जाहीरनामा आणला. आमच्या शाळेच्या कारभारातही त्यांचा शब्द चालायचा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हा शिक्षिकांना बसवून त्याबद्दल सांगितलं. महायुद्धात तिकडची मुलं कशी उपासमारीने गेली, कशी रस्त्यावर आली, आणि मग वेगवेगळ्या देशांनी एकत्र बसून मुलांपुरतं तरी काही कबूल कसं केलं. भुकेल्या मुलाला अन्न मिळालं पाहिजे. आजारी मुलाची शुश्रूषा झाली पाहिजे. संकटात आधी मुलाला हात दिला पाहिजे. कुणी मुलाला आपल्या फायद्यासाठी राबवून घेता कामा नये. साहेब बोलायचे फार सुंदर. आवाज खालचा, शब्द निवडलेले. "आपल्या बडोद्याने तर बालविवाहबंदी आणि सक्तीचं शिक्षण करून आधीच ही वाट धरली आहे," ते म्हणाले. माझे डोळे भरून आले होते. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, कारण ती कलमं खरोखर चांगली होती.

थंडीत दरबारची पाहुणी म्हणून एक युरोपियन बाई यायच्या होत्या. मुलांसाठी काम करणाऱ्या कुठल्याशा मंडळाच्या त्या होत्या. त्यांच्यासमोर एका मुलीने जाहीरनामा मराठीत म्हणून दाखवायचा असं साहेबांनी ठरवलं. भाषांतर माझ्याकडे आलं, आणि मुलगी निवडायचं कामही.

निवडायला वेळ लागला नाही. चौथीत एका भटजींची मुलगी होती, दहा वर्षांची. अंगाने बारीक, पण आवाज असा स्वच्छ की मागच्या भिंतीपर्यंत एकेक अक्षर जायचं. पाठांतर तर तिचं घरचंच. वडील साहेबांच्या घरी रोज देवपूजेला जायचे. मी तिला एकेक कलम सांगायची आणि ती ते म्हणता म्हणता मध्येच थांबून विचारायची.

"बाई, भुकेल्या मुलांना आधी वाढायचं असं यात आहे ना? मग पुरुषांची पंगत उठेपर्यंत आम्हाला का थांबवतात?"

"ते तू आधी पाठ कर," मी म्हणायची.

"पाठ झालंय बाई. मी नुसतं विचारतेय."

नोव्हेंबर सरत आला तेव्हा ती एकाएकी येईनाशी झाली. ती मामाकडे गेली आहे, असं तिच्या आईने कळवलं. परतली ती हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, नखांत हळद आणि गळ्यात काळे मणी घेऊन. मुलींनी मधल्या सुट्टीत तिला घेरलं होतं आणि ती आनंदाने सांगत होती. मी जवळ गेले तशी माझ्याकडे वळून तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"आम्ही आगगाडीने वासदला गेलो बाई. महीचा पूल केवढा मोठा आहे. काकांनी मला पुलावरून नदीत पैसा टाकायला दिला आणि म्हणाले, आता आपलं राज्य संपलं, पलीकडे इंग्रजांचं. तिथे धर्मशाळेत लग्न लागलं. धर्मशाळेचा म्हातारा मला बघून आईला म्हणाला, 'बेन, छोडी तो बहु नानी छे,' म्हणजे मुलगी तर फारच लहान आहे. मग काकांनी त्याला लाडू दिले."

"कुठले काका?"

"माझे चुलतसासरे," ती म्हणाली आणि तो शब्द नवा असल्यासारखी हसली. "साहेबांचे भाऊ."

मुलगा म्हणजे साहेबांचा थोरला, कॉलेजच्या पहिल्या वर्गात शिकणारा. साहेब स्वतः लग्नाला नव्हते. त्या आठवड्यात ते फिरतीवर होते. वरबाप म्हणून भाऊ उभा राहिला. कायदा मोडला असं म्हणायचं तर कुणी मोडला? बडोद्याच्या हद्दीत काही घडलं नव्हतं, आणि जिथे घडलं तिथे तेव्हा तसा कायदा नव्हता. गरीब माणसं निदान इथेच लग्न लावून दंड भरत. यांनी दंडाचीही वेळ येऊ दिली नाही.

आमच्या शेजारी एक वकील राहायचे. त्यांना मी विचारलं. ते म्हणाले, "ओढून ताणून खटला उभा करता येईल. पण साक्ष कोण देणार? मुलीचा बाप? तो तर पेढे वाटतोय." आणि मग सहज आवाजात, "बाई, तुमचे यजमान त्याच कचेरीत आहेत ना?"

मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "झालं ते झालं. आता दुसरी मुलगी तयार करायला वेळ नाही. तिला म्हणावं चुडा उतरवून ये, आणि काळे मणी पोलक्याच्या आत घाल."

"म्हणजे लपवायचे?"

"पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

चारच दिवसांनी साहेबांनी मला भाषांतराच्या दुरुस्त्यांसाठी घरी बोलावलं. दांडिया बाजारात त्यांचा दुमजली बंगला होता. ओसरीतच वास आला. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीचा वास ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. साहेबांच्या आईला अर्धांगवायू झाला होता. साहेबांची बायको वारलेली. आधी इस्पितळातली एक ख्रिस्ती नर्स ठेवली, तिच्या हातचं पाणी म्हातारीने घेतलं नाही. मग मोलाने दोन बायका आणल्या. त्या सोवळ्यात बसत नाहीत म्हणून म्हातारीने अन्न थुंकून दिलं. हे सगळं मला नवऱ्याकडून कळलं होतं. पण या हकिगतीचा त्या लग्नाशी काय संबंध, ते त्या ओसरीत उभं राहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी मराठा, म्हणून मला बाहेरच्या बैठकीत बसवलं. साहेब कागद घेऊन आले. राबवून घेण्याबद्दलच्या कलमावर त्यांनी बोट ठेवलं.

"'राबवून घेणे' हा शब्द जरा गावंढळ वाटतो. 'अनुचित उपयोग' म्हटलं तर?"

मी उत्तर देणार एवढ्यात आतल्या दारातून ती मुलगी आली. ओलं लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेलं, दोन्ही हातांत झाकण घातलेलं पितळी भांडं. भांडं जड होतं. सांडू नये म्हणून ती हनुवटी वर करून, श्वास रोखून चालत होती. मला बघून तिला आनंद झाला, पण बोलायला तोंड उघडता येईना. तशीच डोळ्यांनी हसून ती परसाकडे गेली.

मला त्या म्हातारीची किळस आली नाही. शरीर आहे, होतं असं. त्या मुलीचीही आली नाही. आतलं दार उघडताच साहेबांनी खिशातून अत्तराचा रुमाल काढून नाकाशी धरला होता, आणि मुलगी गेल्यावर तो घडी करून परत ठेवला, किळस आली ती त्याची.

"ती शाळेतून आल्यावर हे करते?" मी विचारलं.

"सकाळी आणि आल्यावर. शाळा मी बंद केलेली नाही, बाई. तुमच्या मनात काय आहे ते मला समजतं." ते रागावले नव्हते. "आईचं आता काही खरं नाही. तिला घरच्या सुवासिनीच्या हातचंच लागतं. मी काय करू? तिला उपाशी ठेवू? आणि ही मुलगी बापाच्या घरी ताकभातावर राहत होती. इथे दूध आहे, तूप आहे. माझा मुलगा शिकलेला आहे. चार वर्षांनी झालं असतं ते आज झालं."

"चार वर्षांनी तिला विचारता आलं असतं."

"विचारून कुणाची लग्नं होतात?"

"साहेब, बालविवाहबंदीच्या कायद्यासाठी तुम्हीच भाषणं केलीत."

"कायदा समाजासाठी असतो," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "घराच्या अडचणी निराळ्या. आणि आम्ही तो मोडलेला नाही." मग पुन्हा कागदाकडे वळून, "तर 'अनुचित उपयोग' करू या?"

"नको," मी म्हणाले. "राबवून घेणेच राहू दे."

त्यांनी मान हलवली आणि शब्द तसाच ठेवला. हेही मला असह्य झालं. त्या शब्दाचं त्यांना काही वाटतच नव्हतं. घरी येऊन मी अंगणात ओकले. नवऱ्याने पाणी आणून दिलं आणि काय झालं ते ऐकून घेतलं.

"तू काही बोलणार आहेस का समारंभात?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"बोलायचं असेल तर बोल. फक्त आधी मला सांगू नकोस. मला विचारलं तर खरं सांगता आलं पाहिजे की मला ठाऊक नव्हतं." मग रिकामा तांब्या उचलत म्हणाले, "मी भित्रा माणूस आहे, तुला माहीत आहे." तसे ते नव्हते, ते पुढे दिसलं.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. मांडव, गालिचे, झेंडूच्या माळा. पाहुण्याबाई उंच, राखाडी केसांच्या, उन्हाने लाल झालेल्या. समोरच्या रांगांत शहरातले प्रतिष्ठित लोक. त्यातल्या कितीकांना वासदच्या लग्नाची बातमी होती हे मला ठाऊक होतं. दोघे-तिघे तर जेवून आले होते. मुलगी व्यासपीठावर आली. पोलक्याचा गळा वरपर्यंत शिवून घेतलेला. हात मोकळे. तिने एकही शब्द न चुकता पाचही कलमं म्हटली. "राबवून घेता कामा नये" हे शब्द तिच्या स्वच्छ आवाजात मागच्या भिंतीपर्यंत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वासदला जेवून आलेल्यांनीही वाजवल्या. एकजण शेजाऱ्याकडे झुकून कौतुकाने म्हणाला, "साहेबांची सून." मला त्या टाळ्यांचा आवाज अजून सहन होत नाही.

पाहुण्याबाईंना मुलगी फार आवडली. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि साहेबांना इंग्रजीत विचारलं, ही शिकून पुढे काय होणार? साहेबांनी मुलीला मराठीत विचारलं. तिने सरळ उत्तर दिलं.

"आता काही व्हायचं नाही. माझं लग्न झालं. आजेसासूबाईंना कुशीवर वळवायची वेळ झाली, मला लवकर सोडाल का?"

साहेब पाहुणीकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, तिला आजारी माणसांची सेवा करायची आहे."

"किती गोड," पाहुण्याबाई म्हणाल्या.

मी भाषांतरकार म्हणून व्यासपीठाच्या कडेलाच बसले होते. उठले आणि इंग्रजीत म्हणाले, "ती असं म्हणाली नाही." सगळं सांगितलं. की ही दहा वर्षांची आहे. या गृहस्थांची सून आहे. इथला कायदा लागू नये म्हणून हिला नदीपलीकडे नेऊन लग्न लावलं. ही त्यांच्या आजारी आईचं मलमूत्र काढते, आणि त्यासाठीच हिला घरात आणलं आहे. मग तेच मी मराठीत सांगितलं, म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही कळावं.

साहेब खाली बघत होते. मी पाहुण्याबाईंकडे बघत होते. मला वाटलं होतं की या बाईला बोलता येईल. ती कुणाची नोकर नव्हती, कुणाची नातलग नव्हती, जगातल्या देशांनी कबूल केलेली गोष्ट घेऊनच ती इतक्या लांब आली होती. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मुलीच्या गालावरून हात फिरवला. मग मला हळू म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतं. पण मी इथे पाहुणी आहे. तुमच्या चालीरीतींत मी बोलणं योग्य होणार नाही. या गोष्टींना वेळ लागतो." त्यांनी पर्समधून चॉकलेटची डबी काढून मुलीच्या हातात दिली. बँड वाजू लागला आणि मंडळी चहाला उठली.

साहेबांच्या लबाडीची मला चीड होती, पण ती मला ओळखीची होती. या बाईंच्या नम्रतेची मला जास्त किळस आली. मुलीचं दुःख दिसायला त्यांना काही अडचण आली नव्हती. ते दिसलं, वाईटही वाटलं, आणि पुढे काही करायचं नाही म्हणून त्यांनी त्याला आमची चालरीत म्हटलं. आमच्याच राज्याच्या कायद्याने जी चाल बंद केली होती, ती आम्हाला पुन्हा आमची म्हणून परत दिली.

महिन्याच्या आत नवऱ्याची बदली ओखामंडळात झाली. राज्याचं ते शेवटचं टोक, द्वारकेपलीकडे, खारं पाणी आणि वारा. त्यांनी हुकूम वाचला आणि ट्रंक खाली काढली. "समुद्र बघितला नव्हता कधी," एवढंच म्हणाले. मला शाळेतून काढलं नाही. मीच राजीनामा दिला, कारण मुख्याध्यापिकाबाई रोज माझ्यासमोर निःश्वास टाकायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी ती मुलगी आली. देवदर्शनाचं निमित्त करून, बरोबरच्या मोलकरणीला कोपऱ्यावर उभं करून. मला वाटलं निरोप घ्यायला आली. तिने ओठ दाबून धरले होते.

"बाई, तुम्ही कशाला बोललात?"

"खोटं सांगितलं ते. म्हणून बोलले."

"पण माझी शाळा बंद झाली. घरी पंतोजी ठेवलेत असं सांगून शाळेच्या सक्तीतून सूट घेतली मामंजींनी. पंतोजी कुणी नाहीत. बाबा म्हणाले, तुमच्यामुळे त्यांची पूजाही जाता जाता राहिली." तिला रडू आवरेना. "मी शाळेत यायची तेवढीच बाहेर असायची ना."

मी तिला जवळ घ्यायला गेले, ती मागे सरकली. काय सांगणार होते तिला? मी बोलले ते बरोबर होतं, आणि त्याची शिक्षा तिला झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही तशाच राहिल्या. तिने वाकून नमस्कार केला आणि गेली.

ओखामंडळात आम्ही बरीच वर्षं काढली. तिथे मी कोळ्यांच्या मुलांना शिकवलं. दरम्यान इंग्रजांच्या मुलखातही बालविवाहाविरुद्ध कायदा आला. आता पुलापलीकडे जाऊन काही मिळणार नाही म्हणून मी खूश झाले होते. मग कळलं, लोक मुलींची वयं वाढवून सांगतात. साहेब पुन्हा एकदा युरोपला गेले आणि तिकडे मुलांविषयी व्याख्यान देऊन आले, हेही कळलं. ते वर्तमानपत्र मी चुलीत घातलं.

बडोद्याला परतलो तेव्हा ती मला मांडवीला भेटली, कापडाच्या दुकानात. तिनेच हाक मारली. उंच झाली होती, आवाज तोच. म्हातारी चार वर्षांपूर्वी वारली होती, म्हणजे साहेब म्हणाले होते त्यापेक्षा कितीतरी उशिरा. नवरा वकिली करू लागला होता. "चांगले आहेत," ती म्हणाली. "त्यांनाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं." जुन्या भांडणाबद्दल दोघीही बोललो नाही. कापड बांधून घेताना तिने विचारलं, "बाई, मला इंग्रजी शिकवाल? यांची हरकत नाही. पण घरी यावं लागेल."

त्या बंगल्यात मला पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं. पण मी हो म्हणाले.

आठवड्यातून दोन दुपारी मी जाते. बैठकीतच बसतो आम्ही. निवृत्त झालेले साहेब आरामखुर्चीत असतात. मला बघून उठून नमस्कार करतात, तब्येत विचारतात, सुनेच्या प्रगतीबद्दल अभिमानाने बोलतात. एकदा म्हणाले, "स्त्रीशिक्षणाला आमच्या घरात कधीच विरोध नव्हता." ते मनापासून बोलत होते. आपण काय केलं ते त्या माणसाला खरंच आठवत नाही. चहा माझ्यासमोर येतो, आता आमच्या जातीची अडचण नसते. मी तो घेत नाही. सूनबाई कप आत नेते, येऊन बसते आणि पुस्तक उघडते. आता ती वर्तमानपत्रातला रकाना माझ्या मदतीशिवाय वाचू लागली आहे. शब्द अडला की बोट तिथेच ठेवते आणि अर्थ समजल्याशिवाय पुढे जात नाही.